यारकंद ते शाचे : एका राजधानीचा तालुका कसा झाला

दौलत बेग ओल्दी हे नाव गेल्या दहा-बारा वर्षांत मराठी वर्तमानपत्रांतून बऱ्याचदा आले. लडाखच्या उत्तर टोकाला, काराकोरम खिंडीच्या अलीकडे आपल्या लष्कराचे ठाणे आहे, तिथे हवाई दलाची धावपट्टी आहे. २०१३ साली तिथे मोठे मालवाहू विमान उतरले तेव्हा टीव्हीवर दिवसभर हेच नाव होते. पण या नावाचा अर्थ काय, हे कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. शब्द तुर्की आहेत. ‘ओल्दी’ म्हणजे मेला, वारला. दौलत बेग जिथे वारला ती जागा.

हा दौलत बेग कोण? एखादा श्रीमंत सौदागर आपल्या काफिल्यासह इथे थंडीने मेला, असे काही जण सांगतात. दुसरे मत असे की, हा दौलतवाला म्हणजे सुलतान सईद खान. १५३३ साली लडाख-तिबेटच्या मोहिमेवरून आपल्या राजधानीकडे परतताना तो काराकोरमच्या याच परिसरात विरळ हवेच्या आजाराने गेला. फारसीत या आजाराला ‘दमगीरी’ म्हणत. नाव त्याच्यावरून पडले असेल किंवा नसेल, पण त्याचा मृत्यू या वाटेवर झाला हे नक्की. आणि तो ज्या राजधानीकडे निघाला होता तिचे नाव यारकंद.

आज चीनच्या नकाशात यारकंद शोधू लागलात तर बहुधा सापडणार नाही. तिथे ‘शाचे’ असे लिहिलेले असते. शिंच्यांग उइगूर स्वायत्त प्रदेश, त्यात काशगर विभाग, आणि त्या विभागात शाचे शियान. ‘शियान’चे भाषांतर आपल्याकडे कोणी जिल्हा करतात, कोणी तालुका. चीनमध्ये प्रांताखाली विभाग आणि विभागाखाली शियान येतो, म्हणून अधिकाराच्या पायरीने पाहिले तर मला तालुका हाच शब्द जवळचा वाटतो. क्षेत्रफळाने मात्र हा तालुका सुमारे ९ हजार चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे आपल्याकडचा मध्यम आकाराचा जिल्हा. २०१० च्या जनगणनेत इथे सुमारे ७ लाख ६० हजार लोक होते आणि त्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त उइगूर मुसलमान. ते स्वतः आपल्या गावाला ‘येकेन’ म्हणतात. उइगूर भाषा अरबी वळणाच्या लिपीत लिहितात, त्यामुळे उर्दू जाणणाऱ्याला त्यांची पाटी अर्थ कळला नाही तरी अडखळत का होईना वाचता येते.

म्हणजे एकाच गावाला तीन नावे : यारकंद, येकेन आणि शाचे. ‘कंद’ आपल्या परिचयाचा आहे, समरकंदमधला. कंद म्हणजे नगर. ‘यार’ ऐकून उर्दूवाल्यांना दोस्त आठवतो आणि ‘दोस्तांचे शहर’ असा गोड अर्थ लावण्याचा मोह होतो. पण तुर्कीत यार म्हणजे कडा, नदीचा उंच काठ. काठावरचे शहर, हीच फोड सहसा दिली जाते. शाचे हे नाव मात्र वेगळ्याच कपाटातून आले आहे. ते कुठून आणि कधी आले, हे पुढे पाहू.

आधी भूगोल. पूर्वेला तकलामकान वाळवंट, पश्चिमेला पामीर, दक्षिणेला कुनलुन आणि त्यामागे काराकोरम. या सगळ्यांच्या मधे, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर, हा हिरवा पट्टा आहे. पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरही पडत नाही. आपल्या माणदेशात दुष्काळी वर्षीही याहून बरा पडतो. वसंतात काळे वादळ येते, त्याला तिथे ‘कारा बुरान’ म्हणतात, आणि दिवसा दिवे लावावे लागतात. अशा ठिकाणी लाखो माणसे जगतात ती एका नदीच्या जिवावर. यारकंद नदी सियाचीनच्या पलीकडच्या रिमो हिमनदीच्या बाजूने उगम पावते, डोंगर फोडून खाली उतरते आणि ९०० किलोमीटरहून अधिक वाहून तारीम नदीला मिळते. हिला जरफशान, म्हणजे सोने उधळणारी, असेही नाव आहे. नदीच्या गोट्यांत जेड हा मौल्यवान दगड सापडतो. चिनी लोकांना त्याचे वेड फार जुने.

इथे नदी पावसाळ्यात नव्हे, तर उन्हाळ्यात भरते, बर्फ वितळते तेव्हा. ते पाणी कालव्यांनी, पाटांनी शेतापर्यंत न्यायचे, कोणाला किती प्रहर द्यायचे ते ठरवायचे, गाळ काढायचा, भांडणे मिटवायची. यारकंदमध्ये राज्य करणे म्हणजे मुळात पाणी वाटणे. म्हणून तिथल्या अधिकाऱ्यांच्या यादीत ‘मीराब’, म्हणजे पाण्याचा अमीर, हे पद नेहमी दिसते. राजे बदलले, धर्म बदलला, मीराब राहिला.

पाण्याचीच एक दुसरी बाजू मार्को पोलोने लिहून ठेवली आहे. तेराव्या शतकात तो इथून गेला. लोक बहुतांश मुसलमान, थोडे नेस्टोरियन ख्रिस्ती, आणि अनेकांच्या गळ्याला मोठी गाठ, ती इथल्या पाण्यामुळे असावी, अशी त्याची नोंद आहे. ती गलगंडाची गाठ होती. डोंगरातून येणाऱ्या पाण्यात आयोडीन कमी, हे कारण कळायला पुढे सहा शतके जावी लागली. गंमत म्हणजे मार्को पोलोनंतर अडीचशे वर्षांनी मिर्झा हैदरने याच पाण्याची तारीफ केली आहे. दोघेही आपापल्या जागी खरे असतील.

या मुलुखाची पहिली लेखी मोजणी चिनी आहे, हे मान्य करायला हवे. हान घराण्याच्या इतिहासात पश्चिमेकडच्या राज्यांची यादी आहे. तीत शाचे राज्याची नोंद अशी : घरे २,३३९, माणसे १६,३७३, लढाऊ सैनिक ३,०४९. दोन हजार वर्षांपूर्वीची ही खानेसुमारी पाहून शिक्षक म्हणून मला कौतुक वाटते. पण ही यादी दुसऱ्याच्या राज्याची होती, हेही विसरू नये. शाचेला स्वतःचा राजा होता. कधी तो हान दरबाराला मान देई, कधी हूणांना, कधी कोणालाच नाही. पहिल्या शतकात शियान नावाच्या राजाने तर आजूबाजूची राज्ये जिंकून काही काळ सगळे खोरे हलवून सोडले होते. हान सत्ता गेली तसे ‘शाचे’ हे नावही रोजच्या वापरातून गेले.

इस्लाम इथे काराखानी तुर्कांबरोबर आला. १९११ साली यारकंद शहराबाहेरच्या एका बागेत जुन्या कागदपत्रांचे बाड सापडले. ती अकराव्या-बाराव्या शतकातली खरेदीखते निघाली. जमीन कोणी विकली, कोणी घेतली, काझीसमोर साक्षीदार कोण होते, सगळे अरबी आणि तुर्कीत. सातबारा उताऱ्यासाठी तलाठी कार्यालयात बसलेल्या कोणाही माणसाला या कागदांची भाषा नसली तरी रीत ओळखू येईल. एखाद्या गावात राज्यव्यवस्था किती खोल रुजली होती, हे मशिदीच्या मिनारापेक्षा अशा फाटक्या खरेदीखतावरून जास्त कळते, असे माझे मत आहे.

शहराला खरा दिमाख आला तो पंधराव्या-सोळाव्या शतकात. आधी मिर्झा अबा बक्र दुघलातने यारकंदला आपली राजधानी केले. हा माणूस क्रूर होता, पण बांधकामाचा आणि पाण्याचा शौकीन. १५१४ मध्ये सुलतान सईद खानाने त्याला हुसकावले, आणि यारकंदची सल्तनत सुरू झाली. काशगर, खोतान, अक्सू अशी सगळी शहरे तिच्याखाली आली. सईद खान आणि बाबर नात्यातले. सईदचा सेनापती मिर्झा हैदर दुघलात तर बाबरचा सख्खा मावसभाऊ. काबूलमार्गे एक भाऊ दिल्लीकडे निघाला आणि यारकंदमार्गे दुसरा काश्मीरकडे, असे म्हणता येईल.

सईद खान १५३३ ला वाटेत वारल्यावर त्याचा मुलगा अब्दुर्रशीद खान गादीवर आला. त्याने आल्या आल्या मिर्झा हैदरच्या काकाला ठार केले. हैदर परत गेलाच नाही. हिंदुस्थानात आला, १५४० मध्ये काश्मीर जिंकले, तिथे दहा-अकरा वर्षे राज्य केले आणि तिथेच बसून फारसीत आपल्या मुलखाचा इतिहास लिहिला. त्या ग्रंथाचे नाव ‘तारीख-ए-रशीदी’. ज्याने घर उद्ध्वस्त केले त्याच रशीदच्या नावाने. हे औदार्य, राजकारण की घराची ओढ? मला वाटते तिन्ही. हैदरची कबर श्रीनगरमध्ये आहे.

रशीद खानाची बेगम अमन्निसा खान हिचे नाव उइगूर लोक आजही प्रेमाने घेतात. ‘बारा मुकाम’ ही त्यांची मोठी संगीतपरंपरा तिने दरबारात संकलित केली, असे मानतात. हा तपशील एकोणिसाव्या शतकातल्या पुस्तकातून आलेला आहे, त्यामुळे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थोडे जपून घ्यावा. पण मुकाम खराच आहे, आणि २००५ मध्ये युनेस्कोने त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाचा मान दिला.

याच काळात गोव्याहून आलेला एक माणूस यारकंदला वर्षभर राहून गेला. बेंतो द गोइस हा पोर्तुगीज शिपाई गोव्यात जेझुइट झाला. अकबराच्या आग्र्याहून १६०२ मध्ये तो आर्मेनियन व्यापाऱ्याच्या वेशात ‘अब्दुल्ला’ हे नाव घेऊन निघाला. मार्को पोलोचे ‘कॅथे’ आणि समुद्रामार्गे सापडलेला चीन एकच आहे का, हे त्याला शोधायचे होते. १६०३ च्या नोव्हेंबरात तो यारकंदला पोहोचला. पुढच्या रस्त्यासाठी काफिला जमायला एक वर्ष लागले, कारण चीनकडे जाणाऱ्या काफिल्याचे मुख्यपद खान विकत असे आणि गिऱ्हाईक लवकर मिळत नव्हते. त्याने जेडचा व्यापार जवळून पाहिला आणि लिहिला. चीनच्या सरहद्दीवर पोहोचल्यावर १६०७ मध्ये तो वारला, पण प्रश्नाचे उत्तर मिळवून.

सल्तनत बुडाली ती आपसातल्या भांडणाने. नक्शबंदी खोजांचे दोन गट पडले, काळ्या डोंगराचे आणि पांढऱ्या डोंगराचे. पहिल्यांचे बळ यारकंदमध्ये, दुसऱ्यांचे काशगरमध्ये. एका पीराच्या घराण्याने दुसऱ्यावर मात करण्यासाठी बाहेरच्या जुंगार मंगोलांना बोलावले, आणि १६८० च्या सुमारास जुंगार मालक होऊन बसले. या प्रकरणावर आपल्या लोकांनी लिहिताना सगळा दोष मंगोलांवर टाकायची सवय आहे. दार आतून उघडले होते.

जुंगारांना चीनच्या मांचू म्हणजे छिंग बादशहाने संपवले आणि त्याची फौज १७५८ मध्ये यारकंदपाशी आली. खोजा जहानने शहर असे लढवले की सेनापती चाओहुई स्वतःच नदीकाठी तीन महिने वेढ्यात अडकला. पण १७५९ मध्ये शहर पडले. त्यानंतर छिंग सरकारने जे केले ते हुशारीचे होते. त्यांनी गावाचे नाव बदलले नाही, फक्त चिनी उच्चारात ‘येअरछ्यांग’ लिहिले. कारभारही बदलला नाही. शहरावर हाकीम बेग, न्यायाला काझी बेग, खजिन्याला खजानची बेग, पाण्याला मीराब बेग. ही पदे मराठी कानालाही परकी नाहीत, कारण ज्या फारसी कारभारातून ती तिकडे गेली त्यातूनच हाकीम, खजिना, काझी आपल्याकडे आले. वर एक मांचू अंमलदार आणि त्याची शिबंदी, तीही जुन्या शहरात नाही, शेजारी ‘यांगी शहर’ म्हणजे नव्या शहरात. १७६० मध्ये यारकंदला टांकसाळ उघडली. जुंगारांची जुनी ‘पूल’ नाणी वितळवून तांब्याचा लाल पैसा पाडू लागले. १८३१ नंतर काही काळ तर सगळ्या दक्षिण मुलखाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याचे ठाणे यारकंदलाच होते.

१८६४ मध्ये बंड झाले आणि पुढे कोकंदहून आलेल्या याकूब बेगने सगळा मुलूख घेतला. त्याने उस्मानी खलिफाच्या नावाने नाणी पाडली आणि इंग्रज व रशियन अशा दोघांशी बोलणी चालू ठेवली. इंग्रजांकडून फोरसाइथचे शिष्टमंडळ १८७० मध्ये आणि पुन्हा १८७३ मध्ये आले.

पण त्याच्याही आधी, बंडाच्या तोंडावर, हिंदुस्थानातून एक साधा मुन्शी यारकंदला जाऊन राहिला होता, आणि या लेखात त्याचे नाव यायलाच हवे. मुहम्मद-ए-हमीद. सर्वेक्षण खात्यातल्या कॅप्टन मॉन्टगोमरीने त्याला मोजणी शिकवली आणि १८६३ मध्ये लेहमार्गे व्यापाऱ्याच्या वेशात पाठवले. सामानात लपवलेला छोटा सेक्स्टंट, होकायंत्र, तापमापक. त्याने हिवाळाभर यारकंदमध्ये राहून गुपचूप तारे पाहिले, थंडी मोजली, पावले मोजली. चिनी अधिकाऱ्यांना संशय आल्याची कुणकुण लागताच तो निघाला, आणि लडाखच्या हद्दीजवळ येऊन वाटेतच मेला. विषारी वनस्पती खाल्ल्याने, असे सांगण्यात आले. घातपाताचाही संशय होता. त्याचे कागद मात्र हाती लागले आणि यारकंदचे अक्षांश-रेखांश जगाच्या नकाशावर बऱ्यापैकी नेमके बसले. नैनसिंहांसारख्या ‘पंडित’ सर्वेक्षकांवर पुस्तके निघाली, टपाल तिकीट निघाले. त्यांच्या आधी गेलेला हा मुन्शी तळटिपेत राहिला.

१८७७ मध्ये याकूब बेग मेला आणि चिनी फौज परत आली. या वेळी धोरण वेगळे होते. बेगांची पद्धत मोडीत काढली, १८८४ मध्ये शिंच्यांग नावाचा प्रांत केला, आणि चीनच्या आतल्या भागासारखी यंत्रणा आणली. नव्या कचेऱ्यांना नावे देताना हान काळातले जुने ग्रंथ उघडले. काशगरच्या कचेरीला ‘शूले’, यारकंदच्या कचेरीला ‘शाचे’. शतकानुशतके कोणाच्या तोंडी नसलेला शब्द शिक्क्यावर आला. आम्ही नव्याने जिंकले नाही, जुनेच परत घेतले, असे त्या शिक्क्याला म्हणायचे होते. आणि विचित्र गोष्ट अशी की काशगर आणि खोतान यांची जुनी नावे चिनी वळणाने का होईना, ‘काशी’ आणि ‘हेत्यान’ अशी आजही शिल्लक आहेत. तीन मोठ्या शहरांपैकी सरकारी नकाशावरून पूर्ण पुसले गेले ते यारकंदचेच.

दर्जाची शिडी मात्र हळूहळू उतरली. १८८३ मध्ये थेट वरिष्ठांच्या अखत्यारीतले ‘चौ’, १९०२ मध्ये बढती मिळून ‘फू’, म्हणजे मोठा जिल्हा. ताश्कुर्गानचा पामीर भाग, माराल्बाशी, कार्गिलिक हे सगळे त्याच्याखाली. १९१३ मध्ये प्रजासत्ताकाने ‘फू’ रद्द केला आणि यारकंद साधे शियान झाले. नंतर पोस्काम आणि मकीत हेही भाग तोडून वेगळे झाले. १९४९ नंतर काही वर्षे शाचे पुन्हा विभागाचे ठिकाण होते, पण १९५६ मध्ये तो विभाग काशगरमध्ये विलीन केला. तेव्हापासून काशगरखालचा एक शियान.

असे का झाले? काशगर रशियाच्या तुर्कस्तानला जवळ होते. १८८० नंतर रशियाचा वकील तिथे बसला, मग इंग्रजांचाही. सरकारी नजर तिकडे वळली. यारकंदचे तोंड दक्षिणेकडे, हिंदुस्थानकडे होते. लेहवरून खार्दुंग, सासेर आणि साडेपाच हजार मीटर उंचीची काराकोरम खिंड ओलांडून महिनाभराहून जास्त चालत काफिले यारकंदला येत. जाताना कापड, मसाले, नीळ, पोवळे. येताना रेशीम, नमदे, घोडे, आणि चरसही. हो, चरस. इंग्रज सरकार त्यावर रीतसर कर घेत असे आणि होशियारपूरला त्याची मोठी पेठ होती. होशियारपूरचे व्यापारी आणि शिकारपूरचे सिंधी सावकार यारकंदमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहत. आणि इकडून हाजी येत. यारकंदचे हाजी लेह किंवा गिलगिटमार्गे श्रीनगर, तिथून पंजाब आणि पुढे कराचीला किंवा आपल्या मुंबईला जहाज धरायला. श्रीनगरच्या सफाकदलमधली यारकंदी सराय याच लोकांची. वाटेत लेहमध्ये थांबलेल्या, लग्न करून राहिलेल्या यारकंदी सौदागरांची मुले-नातवंडे ‘अर्गोन’ म्हणून आजही तिथे आहेत.

१९४९ च्या डिसेंबरात ईसा युसूफ आल्पतेकीन आणि मुहम्मद अमीन बुगरा हे उइगूर पुढारी याच बर्फातून लडाखमार्गे श्रीनगरला निसटून आले. काही वर्षांनी ते तुर्कस्तानात गेले. त्यांच्या मागे वाट बंद झाली ती आजतागायत. ज्या दारामुळे यारकंद मोठे होते तेच भिंत झाल्यावर विभागाचे ठाणे तिथे ठेवायचे कारण उरले नाही.

२०११ पासून काशगर-खोतान रेल्वेची प्रवासी गाडी शाचे स्थानकावर थांबते. जगाने या तालुक्याचे नाव अलीकडे ऐकले ते २०१४ च्या जुलैत, रमजान ईदच्या सुमारास. एलिश्कू परिसरातल्या हिंसाचारात ९६ माणसे मेल्याचे चीन सरकारने सांगितले : ३७ नागरिक आणि ५९ हल्लेखोर. परदेशातल्या उइगूर संघटना आकडा याहून पुष्कळ मोठा सांगतात. बाहेरच्या पत्रकारांना मोकळेपणी तिथे जाता आले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी १६,३७३ माणसे एकेक करून मोजणाऱ्या मुलखात एका दिवसाच्या मयतांची सर्वमान्य मोजणी नाही.

शेती अजून जरफशानच्याच पाण्यावर आहे. कापूस, गहू, आणि सर्वांत जास्त नाव बदामाचे. चीनमध्ये शाचेचा बदाम प्रसिद्ध आहे. तिथल्या पुरुषांच्या टोप्यांवरही बदामाची नक्षी असते. पाकिटावर चिनी अक्षरांत नाव लिहितात ‘बादानमू’. हा यारकंदचाच फारसी शब्द आहे, तोच जो आपण मराठीत वापरतो.